नमुन्याचा भरवसा : वऱ्हाडी कापसापासून दुधातल्या विषापर्यंत

यवतमाळ शहराला खेटून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा मोठा कारखाना आहे. जिल्ह्याच्या शिवारात खरिपात नजर जाईल तिथवर पऱ्हाटी उभी असते. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथे रुई आणि सरकी वेगळी होते. रुईचे सूत, सुताचे कापड. सरकीचे तेल निघते आणि मागे उरलेली ढेप गाई-म्हशींच्या गव्हाणीत पडते. एका बोंडातून निघालेला माल असा अंगावरच्या कपड्यात, कढईतल्या तेलात आणि पेल्यातल्या दुधात पोहोचतो. आणि या तिन्ही ठिकाणी आज एकच प्रश्न विचारला जातो : यात नको ते काही मिसळले आहे का, आणि असेल तर किती?

उत्तर देणारी यंत्रे लाखो-कोटींची असतात. पण यंत्र स्वतःहून काही सांगत नाही. ते पडद्यावर एक उंचवटा काढते. तो शिशाचा की आर्सेनिकचा, एक भाग की दहा भाग, हे ठरवायला आधीच अचूक माहिती असलेला पदार्थ त्याच यंत्रातून काढून ताडून पाहावा लागतो. ज्यातल्या घटकाचे प्रमाण कसोशीने ठरवले आहे, त्या आकड्यात किती अनिश्चितता आहे हे लिहिले आहे आणि ज्याच्याबरोबर तसे प्रमाणपत्र येते, अशा पदार्थाला ‘प्रमाणित संदर्भ पदार्थ’ म्हणतात. प्रयोगशाळेबाहेर त्याचे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. मात्र भरवशाचा नमुना नसला की व्यापार, कायदा आणि माणसाचा जीव यांची काय गत होते, हे वऱ्हाडाने दीडशे वर्षांत अनेकदा पाहिले आहे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांकडे सोपवले. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारावरून वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ हे व्यापारी नाव पडले होते. लिव्हरपूलच्या बाजारात या नावाने गाठी विकल्या जात. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1905 मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इथला कापूसही याच प्रवाहात वाहत मुंबईला जात होता.

भाव चढला तशी भेसळही वाढली. वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारले जाई. गाठीत सरकी, पालापाचोळा, माती भरली जाई. लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची रुई मिसळून चांगल्या नावाखाली खपवली जाई. मुंबई सरकारने 1829 मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध विनियम केला होता. 1863 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि निरीक्षक नेमले गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून आलेल्या हॅरी रिव्हेट-कारनॅक यांनी हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाचे बी शुद्ध राखण्यासाठी खूप धडपड केली.

कायदा होता, शिक्षा होती, निरीक्षकही होते. तरी भांडण मिटत नव्हते, कारण ‘चांगला ऊमरा’ म्हणजे नेमका कोणता, यावर विकणारा, घेणारा आणि निरीक्षक यांचे एकमत नव्हते. प्रत्येकाची नजर वेगळी, प्रत्येकाचा हात वेगळा. गाठ फोडल्यावर ती कशाशी ताडून पाहायची, हे कायद्यात कुठेच नव्हते. दोन दशकांत तो कायदा मागे पडला.

या प्रश्नाला व्यापाऱ्यांनी मुंबईत उत्तर शोधले. 1921 मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. शिवडीच्या कॉटन ग्रीनवर तिच्या वास्तूत प्रत्येक प्रकारच्या आणि प्रतीच्या कापसाचे नमुने पेट्यांत ठेवले जात. वाद झाला की गाठीतली रुई पेटीतल्या रुईशेजारी ठेवून पारखी निवाडा देत. पारख करण्याची रीत अशी : रुईचा झुबका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि बोटांत धरायचा, ओढून तोडायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा; असे करता करता तंतू एका दिशेने सरळ होतात आणि त्यांच्या झुपक्यावरून धाग्याची लांबी कळते. रंग, चकाकी, कचरा यांचा अंदाज डोळ्यांनी. त्याच सुमारास, 1923 मध्ये, अमेरिकेत कापूस मानक कायदा झाला आणि अमेरिकन कापसाच्या मानक पेट्या युरोपातल्या बाजारांनीही मान्य केल्या.

मात्र या पेट्यांचा एक दोष सर्वांच्याच लक्षात आला. रुई जुनी झाली की पिवळी पडते. हाताळून हाताळून तिचा पोत बदलतो. आज ठेवलेला नमुना दोन वर्षांनी तोच राहत नाही, म्हणून पेट्या ठरावीक काळाने नव्याने बनवाव्या लागतात. नमुना आतून सगळीकडे सारखा असला पाहिजे, काळानुसार बदलता कामा नये आणि त्याचा गुण कुणी कसा ठरवला याची नोंद असली पाहिजे : आज प्रयोगशाळांमध्ये संदर्भ पदार्थाची जी तीन मुख्य लक्षणे मानतात, ती कापसाच्या व्यापाऱ्यांना अनुभवातून आधीच उमगली होती.

1924 मध्ये माटुंग्याला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले संचालक डॉ. ए. जे. टर्नर. पारखीच्या बोटांवर अवलंबून न राहता धाग्याची लांबी, जाडी, ताकद मोजायची आणि तो कापूस प्रत्यक्ष कातून किती बारीक सूत देतो ते पाहायचे, असे तिचे काम होते. ‘प्रमाण भारतीय कापूस’ म्हणून काही जाती निवडून, त्यांचे अहवाल ती प्रसिद्ध करत असे. हीच संस्था आज भारतीय कृषी संशोधन परिषदेची ‘केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था’, म्हणजे सिरकॉट, आहे. आता रुईची लांबी, ताकद, तलमपणा आणि रंग एकच यंत्र मिनिटभरात मोजते. त्या यंत्राला मात्र ठरावीक वेळाने ‘कॅलिब्रेशन कॉटन’ खाऊ घालावा लागतो, म्हणजे ज्याचे आकडे आधीच ठरले आहेत असा कापूस. पूर्वी यासाठी अमेरिकी कृषी खात्याच्या कापसाकडेच पाहावे लागे; सिरकॉटने स्वतःचा असा कापूस तयार करून देशातल्या प्रयोगशाळांना पुरवायला सुरुवात केली.

रसायनांच्या दुनियेत हाच प्रवास लोखंडापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या ओतकाम कारखान्यांच्या प्रयोगशाळा एकाच बिडाचे वेगवेगळे आकडे देत होत्या. त्यावर उपाय म्हणून तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने 1906 मध्ये बिडाचे प्रमाणित नमुने वाटायला सुरुवात केली. खाण्याच्या वस्तूंची पाळी यायला आणखी अर्धे शतक गेले. 1960 च्या दशकात हंफ्री बोवेन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने कोबीच्या कुळातल्या केल या भाजीचे पीक घेतले, ते वाळवले, दळले आणि ती भुकटी अनेक प्रयोगशाळांना पाठवली. भुकटी एकच, पण तिच्यातल्या धातूंचे जे आकडे परत आले त्यांत कमालीची तफावत होती. 1971 मध्ये अमेरिकेने फळबागेतल्या पानांची प्रमाणित भुकटी काढली. 1973 पासून युरोपीय समुदायाचा ‘बीसीआर’ हा संदर्भ पदार्थांचा कार्यक्रम सुरू झाला. 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने याच विषयासाठी वेगळी समिती नेमली.

इथे पुन्हा ढेपेकडे वळावे लागते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची मोठ्या प्रमाणावर मरतूक झाली. शोध घेता घेता बोट आयात केलेल्या भुईमूग पेंडीवर आणि तिच्यावर वाढलेल्या बुरशीवर आले. त्या बुरशीच्या विषाला अफलाटॉक्सिन नाव मिळाले. हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. 1974 मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ओल राहिलेली सरकी आणि पावसात भिजलेली ढेप यांवरही ही बुरशी वाढते. जनावराने ती खाल्ली की विषाचे शरीरात रूपांतर होऊन ते ‘अफलाटॉक्सिन एम-1’ म्हणून दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही.

भारतात दुधातल्या एम-1 ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. 20 लाख किलो दुधात 1 ग्रॅम, इतके ते सूक्ष्म प्रमाण. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांपैकी 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्क्यांत, एम-1 मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधात पाणी, युरिया, डिटर्जंट यांची चर्चा आपल्याकडे घरोघरी होते. त्या पाहणीने लक्ष वेधले ते चाऱ्यातून आणि ढेपेतून येणाऱ्या विषाकडे.

20 लाख किलोंत 1 ग्रॅम शोधणाऱ्या यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी बीसीआर कार्यक्रमाने 1980 च्या दशकात दुधाच्या भुकटीचे प्रमाणित नमुने तयार केले. एक जवळजवळ विषमुक्त, बाकीचे चढत्या प्रमाणाचे. असा पदार्थ बनवण्याची रीत सोपी वाटते, पण प्रत्येक पायरीला वेळ आणि चिकाटी लागते. भुकटी एकसारखी बारीक करायची, चाळायची आणि मोठ्या पिंपात बराच वेळ फिरवून मिसळायची. अफलाटॉक्सिन उजेडाने नष्ट होते, म्हणून प्रकाशापासून जपत बाटल्यांत भरायची, हवा घालवायची, सीलबंद करायची. मग भरणीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या बाटल्या उचलून तपासायचे की सगळ्यांत प्रमाण सारखे आहे ना. काही बाटल्या फ्रीजरमध्ये, काही साध्या तापमानाला, काही उकाड्यात ठेवून महिनोन्‌महिने पाहायचे की आकडा ढळतो का. शेवटी निरनिराळ्या पद्धतींनी किंवा अनेक निष्णात प्रयोगशाळांकडून मोजमाप करून घेऊन, अधिक-उणे अनिश्चिततेसह, आकडा कागदावर उतरवायचा. एवढे झाले की बाटली विकायला निघते आणि ती उघडून वापरली की संपते.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाचा किलोग्रॅम, प्लॅटिनम-इरिडियमचा 57 क्रमांकाचा दंडगोल, जपून ठेवलेला आहे. गावच्या आठवडी बाजारातल्या मापावरचा शिक्का कधीकाळी या दंडगोलापर्यंत नेता येई. दुधातल्या विषाचा, हळदीतल्या शिशाचा असा एकच दंडगोल असू शकत नाही. प्रत्येक विषासाठी आणि प्रत्येक खाद्यपदार्थासाठी वेगळी बाटली लागते, कारण पाण्यातले शिसे मोजणे वेगळे आणि मसाल्यातले मोजणे वेगळे.

असा नमुना हाताशी नसण्याची किंमत महाराष्ट्राने द्राक्षांत मोजली. 2003 मध्ये युरोपने कीटकनाशकांचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे अडवली. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, 2006 मध्ये शेतमाल निर्यातीसाठीच्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने बागेपासून कंटेनरपर्यंत माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही प्रणाली आणली आणि निर्यात सावरली. पण 2010 च्या हंगामात नवेच संकट आले. नाशिक-सांगलीचे बागायतदार वेलीची वाढ रोखून घड निघावेत म्हणून लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, 20 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. शिवाय ते पाण्यात सहज विरघळणारे, विद्युतभारित रसायन. बाकीची शेकडो कीटकनाशके एकाच झटक्यात पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीतून ते निसटते. युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते पकडले आणि इकडे ऐन हंगामात माल अडकला, भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. पुढे ते यादीत आले आणि त्याची वेगळी पद्धत बसली. त्या पद्धतीसाठीही शुद्ध क्लोरमेक्वाटचा संदर्भ नमुना लागतोच. हातात जे रसायन नमुन्यादाखल आहे, तेच प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येते.

पाच वर्षांनी हाच विषय मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. मॅगी नूडल्समध्ये शिसे जास्त असल्याच्या अहवालांवरून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 5 जून 2015 रोजी बंदी घातली. मर्यादा 2.5 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अडीच भाग; कोलकात्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालात 17.2 पीपीएम. न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. बी. पी. कुलाबावाला यांच्या खंडपीठाने 13 ऑगस्टला बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडू दिली नाही, हे एक कारण होते. दुसरे असे की कायद्याने ठरवलेली मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांचे अहवाल ग्राह्य धरता येत नाहीत. मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि तिथे शिसे मर्यादेत निघाले. बंदीच्या बाजूने असोत की विरोधात, ग्राहकांच्या हाती त्या उन्हाळ्यात परस्परविरोधी आकडेच आले. प्रयोगशाळेची मान्यता म्हणजे भिंतीवर लावायचा कागद नव्हे, हे त्या खटल्याने दाखवले. मान्यता मिळवायची तर आपले मोजमाप कोणत्या संदर्भ पदार्थापर्यंत जाऊन भिडते, याची साखळी दाखवावी लागते.

यवतमाळला या प्रश्नाचा सर्वांत मोठा घाव बसला तो 2017 मध्ये. त्या वर्षीच्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, ऊन तापलेले, अंगावर साधा सदरा आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण होते, तसेच डायफेन्थियुरॉनही होते.

या यादीतच डॉक्टरांची अडचण दडलेली आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली विषे रक्तातले कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. ती तपासणी केली की विषबाधा कळते आणि ॲट्रोपिन या उताऱ्याचा उपयोग होतो. डायफेन्थियुरॉन त्या गटातले नाही, आणि त्यावर ठरावीक उतारा नाही. रुग्णाच्या शरीरात नेमके काय गेले, हे कळण्यासाठी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे त्या त्या कीटकनाशकाचा शुद्ध नमुना हवा. दुकानातून विकलेल्या बाटलीत लेबलावर लिहिलेलेच औषध आहे की दुसरे काही, हे सिद्ध करायलाही तोच हवा.

असे नमुने बराच काळ परदेशातून, चढ्या किमतीला आणि आठवडे वाट पाहून आणावे लागत. आता राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने देशी प्रमाणित पदार्थ काढते. मुंबईच्या टांकसाळीने भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या पदार्थ-संघटन विश्लेषणाच्या राष्ट्रीय केंद्रासह 2019 मध्ये 9999 शुद्धतेच्या सोन्याचा बीएनडी-4201 हा नमुना आणला. गुरुग्रामची कीटकनाशक सूत्रीकरण तंत्रज्ञान संस्था कीटकनाशकांच्या संदर्भ नमुन्यांवर काम करते. सोन्यासाठी जे झाले ते ढेपेसाठी, तूर डाळीसाठी, हळदीसाठी आणि रुईसाठीही व्हायला हवे. अमेरिकेतल्या फळबागेच्या पानांची भुकटी विदर्भातल्या सरकी ढेपेच्या तपासणीला पुरत नाही.

कापडाचेही तेच. डेनिमची निळी छटा ज्या कृत्रिम निळीतून येते, तिच्यात उत्पादनातून उरलेले ॲनिलीन असू शकते. रंगीत कापडातल्या काही ॲझो रंगांपासून कर्करोगाला कारण ठरणारी अमाइन्स सुटतात. जर्मनीने 1994 मध्ये ते रोखले, भारताने 1990 च्या दशकातच असे 112 रंग निषिद्ध केले आणि युरोपने 2002 मध्ये कापडात किलोला 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. निर्यातीच्या कापडाची ही तपासणी होते, कारण परदेशातला ग्राहक ती मागतो. यवतमाळच्या आठवडी बाजारात मुलासाठी घेतलेल्या पँटसाठी ती कुणी मागत नाही.

ती मागायला हवी. दूधसंघाचा, डाळमिलचा किंवा औषध दुकानदाराचा तपासणी अहवाल हातात आला की आकड्याच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : प्रयोगशाळेला त्याच तपासणीसाठी ‘एनएबीएल’ या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता आहे का, आणि मोजमाप कोणत्या प्रमाणित संदर्भ पदार्थावरून केले आहे. ग्राहक पंचायती, शेतकरी संघटना आणि बाजार समित्यांनी हे दोन प्रश्न लेखी विचारायला सुरुवात करावी. आणि 2017 चा खरीप पाहिलेल्या यवतमाळ जिल्ह्याने सरकारकडे एक मागणी लावून धरावी : फवारणीच्या हंगामात रक्तातले कीटकनाशक ओळखू शकणारी, त्यासाठी लागणारे संदर्भ नमुने हाताशी असलेली प्रयोगशाळा जिल्ह्यातच हवी.